अक्षरांची माळ आणि एका नावाची अनेक कामे

पाकिटावर ‘४११००१’ असा क्रमांक असला, तर टपाल छाटणारा कर्मचारी त्या सहा अंकांची बेरीज करीत बसत नाही. पहिल्या अंकावरून तो देशाचा विभाग ओळखतो, पहिल्या तीन अंकांवरून छाटणीचा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांवरून वाटपाचे टपाल कार्यालय. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सुरू झालेला हा पिन कोड दिसायला संख्या असला, तरी त्याचे काम नावासारखे आहे. दोन गावांचे पिन कोड मिळवून तिसरे गाव सापडत नाही, किंवा मोठ्या पिन कोडाचे गाव लहान पिन कोडाच्या गावाहून मोठे ठरत नाही. वाण्याच्या वहीत मात्र ‘४११’ असा आकडा असेल, तर ती खरीखुरी रक्कम असते आणि तिची बेरीज झालीच पाहिजे.

माणसाला हा भेद संदर्भावरून सहज कळतो. यंत्राला संदर्भ कळत नाही. म्हणून संगणकाच्या भाषांमध्ये प्रत्येक गोष्टीचा ‘प्रकार’ ठरवावा लागतो: ही पूर्णांक संख्या, ही अपूर्णांक संख्या आणि ही नुसती अक्षरांची माळ. अशा माळेला संगणकशास्त्रात ‘स्ट्रिंग’ म्हणतात. प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला आरंभीच ज्या उदाहरणांचा सराव करावा लागतो, त्यांत स्ट्रिंगची हाताळणी आणि ‘मेथड ओव्हरलोडिंग’, म्हणजे एकाच नावाने अनेक कृती लिहिणे, या दोन विषयांना मोठे स्थान आहे. पाठ्यपुस्तकांत हे विषय वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. परंतु दोन्हींचा धडा एकच आहे. यंत्र वस्तूचा अर्थ पाहत नाही, प्रकार पाहते. आणि प्रकार योग्य ठरवण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असते.

माळेतील मणी

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, संख्याच असतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या मानकाने १२८ चिन्हांना असे संकेतांक देण्याची व्यवस्था केली. त्यात रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’चा संकेतांक ६५ आहे आणि लहान ‘ए’चा ९७. ही दोन रूपे ३२ च्या अंतरावर आहेत आणि हेच अंतर सव्वीसही अक्षरांत कायम राखलेले आहे. त्यामुळे लहान अक्षरांचा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा, हे नवशिक्यांचे जुने उदाहरण प्रत्येक संकेतांकातून ३२ वजा करण्याइतके सोपे होऊन बसते.

अंकांनाही असेच संकेतांक आहेत. रोमन लिपीबरोबर वापरल्या जाणाऱ्या शून्याचा संकेतांक ४८ आणि नवाचा ५७. येथे विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो. ‘९’ आणि ‘१०’ या संख्या असतील, तर नऊ लहान आणि दहा मोठे. पण त्या स्ट्रिंग असतील, तर शब्दकोशाच्या रीतीने पहिले अक्षर आधी पाहिले जाते. एकाचा संकेतांक नवाच्या संकेतांकाहून लहान असल्यामुळे ‘१०’ हा ‘९’च्या आधी लागतो. उलट बाजूने पाहिले, तर मुंबईचा दूरध्वनी संकेत ‘०२२’ हा संख्या म्हणून साठवला, की आरंभीचे शून्य निरर्थक ठरून गळून पडते आणि मागे २२ उरतात. दोन्ही ठिकाणी यंत्राने काहीच चूक केलेली नसते. चूक झाली ती प्रकार ठरवताना.

स्ट्रिंग हाताळण्याची नेहमीची साधने थोडीच आहेत. माळेत किती मणी आहेत ते मोजणे, अमुक स्थानावरचा मणी पाहणे, माळेचा एक तुकडा काढणे, दोन माळा जोडणे आणि दोन माळा सारख्या आहेत का ते ताडून पाहणे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या जावा या भाषेत स्थानांची मोजणी शून्यापासून होते. तेथे स्ट्रिंग एकदा तयार झाली की ती बदलत नाही. शब्द उलटा करा किंवा मोठ्या अक्षरांत लिहा असे सांगितले, तर नवी माळ तयार होते आणि जुनी तशीच राहते. ताडून पाहतानाही एक पथ्य पाळावे लागते. दोन माळांमधील अक्षरे सारखी आहेत का, आणि त्या दोन्ही म्हणजे प्रत्यक्षात एकच माळ आहे का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नासाठी ठरवून दिलेली मेथड न वापरता दोन बरोबरीची चिन्हे वापरणारा विद्यार्थी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मिळवतो.

उलटा शब्द

दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखणे, हे स्ट्रिंगविषयीचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण आहे. रीत सोपी आहे. एक बोट पहिल्या अक्षरावर आणि दुसरे शेवटच्या अक्षरावर ठेवावे. दोन्ही अक्षरे सारखी असतील तर बोटे एकेक घर आत सरकवावीत. ती मध्यावर भेटेपर्यंत कोठेही फरक आढळला नाही, तर शब्द उभयतः सारखा आहे. भारतातील विद्यार्थ्यांना यासाठी हटकून दिला जाणारा शब्द म्हणजे रोमन लिपीत लिहिलेले मल्याळम भाषेचे नाव. एम, ए, एल, ए, वाय, ए, एल, ए, एम ही नऊ अक्षरे कोणत्याही टोकाकडून वाचली तरी तीच राहतात.

परंतु हा शब्द त्या भाषेच्या स्वतःच्या लिपीत लिहिला, की चमत्कार नाहीसा होतो. तेथे पुढचा ‘ल’ आणि मागचा ‘ळ’ ही दोन भिन्न अक्षरे आहेत, आणि शब्दाच्या आरंभी ‘म’ असला तरी शेवटी अनुस्वार आहे. म्हणजे शब्दाचा हा गुण भाषेत नव्हताच. तो रोमन लेखनपद्धतीने दिलेला होता.

मराठी शब्द घेतल्यास याहून मजेदार अडचण उभी राहते. ‘नयन’, ‘कनक’, ‘सरस’ हे शब्द या कसोटीला निर्वेध उतरतात. ‘नवीन’ हा शब्दही मराठी वाचकाच्या दृष्टीने तसाच आहे: न, वी, न. पण संगणकाच्या दृष्टीने त्यात तीन नव्हे, चार मणी आहेत. ‘न’चा संकेतांक २३४४, ‘व’चा २३५७, दीर्घ वेलांटीचा २३६८ आणि पुन्हा ‘न’चा २३४४. ही माळ उलटी केली की वेलांटी ‘व’च्या आधी येते आणि पहिल्या ‘न’ला जाऊन चिकटते. ‘नवीन’ उलटा होऊन ‘नीवन’ होतो, आणि प्रोग्रॅम निर्वाळा देतो की शब्द दोन्ही बाजूंनी सारखा नाही. प्रोग्रॅम लिहिण्यात काहीच दोष नसतो. दोष असतो तो ‘एक संकेतांक म्हणजे एक अक्षर’ या न तपासलेल्या गृहीतकात. रोमन लिपीवर बेतलेल्या उदाहरणांत हे गृहीतक उघडे पडत नाही, एवढेच.

भारतीय लिप्यांची वाट

भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे मानक स्वीकारले. ते ‘इस्की’ या नावाने ओळखले जाते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था मुळात एकच आहे, हे ध्यानी घेऊन त्यात या लिप्यांना सामाईक संकेतांक दिले होते. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या ‘युनिकोड’ मानकाची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा मिळाली, तरी जुन्या मांडणीचा क्रम टिकून राहिला. देवनागरीतील ‘क’चा संकेतांक २३२५ आहे, तर बंगाली ‘क’चा २४५३, म्हणजे नेमका १२८ने अधिक. त्यामुळे ‘कमल’ या शब्दाच्या प्रत्येक संकेतांकात १२८ मिळवले, की तोच शब्द बंगाली लिपीत उभा राहतो. नवशिक्यासाठी हे सुरेख उदाहरण आहे, आणि त्याची मर्यादाही तितकीच बोधप्रद आहे: ‘व’ आणि ‘ळ’ यांच्याशी जुळणारी घरे बंगालीच्या विभागात रिकामी असल्याने, ही अक्षरे असलेला शब्द या युक्तीने उतरत नाही.

लांबी मोजण्याचा प्रश्न याहून व्यवहारातला आहे. ‘लक्ष्मी’ या नावात वाचकाला दोन अक्षरे दिसतात: ‘ल’ आणि ‘क्ष्मी’. संकेतांक मात्र सात आहेत: ल, क, हलन्ताचे चिन्ह, ष, पुन्हा हलन्ताचे चिन्ह, म आणि दीर्घ वेलांटी. साठवणुकीसाठी आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात; म्हणून हे नाव एकवीस बाइट व्यापते. रोमन लिपीत नेहमीप्रमाणे लिहिलेले हेच नाव सात अक्षरांचे आणि सातच बाइटांचे असते. नावासाठी अमुक इतके बाइट पुरेत, असे रोमन लिपी मनात धरून ठरवणारा प्रोग्रॅमर भारतीय लिपीत लिहिलेली नावे नकळत मधेच तोडतो, आणि तोडलेल्या जागी लोंबता हलन्त उरतो. नोंदवहीत माणसाचे नाव अर्धवट राहणे ही किरकोळ बाब नव्हे. त्या नावावरच पुढे दाखला मिळायचा असतो आणि ओळख पटायची असते.

दोन माळा ताडून पाहण्यातही असाच एक खड्डा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एका स्वतंत्र संकेतांकाने, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. हिंदीतील ‘ड़’ची गोष्ट तशीच आहे. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण नुसते संकेतांक ताडून पाहणारा प्रोग्रॅम त्यांना भिन्न ठरवतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही माळा एकाच ठरीव रूपात आणाव्या लागतात. याउलट ‘४११००१’ हा पिन कोड देवनागरी अंकांत लिहिला आणि रोमन लिपीबरोबरच्या अंकांत लिहिला, तर स्ट्रिंग म्हणून ती रूपे वेगळी असतात, कारण देवनागरी ‘१’चा संकेतांक २४०७ आहे आणि दुसऱ्या ‘१’चा ४९. पण जावामध्ये त्यांचे पूर्णांकात रूपांतर केले, की दोन्हींचे मूल्य एकच येते.

वाचकाला जे एक अक्षर वाटते त्याची सीमा कोठे असते, याचे नियमही युनिकोडने घालून दिले आहेत. व्यंजनाला लागलेली मात्रा वा वेलांटी त्या व्यंजनाबरोबरच राहते, हे त्यांत पूर्वीपासून होते. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम मात्र २०२३ मध्ये आला. मूळ मानकानंतर हे व्हायला तीन दशके लागली, यावरून ‘शब्दातील अक्षरे मोजा’ हे उदाहरण वाटते तितके बाळबोध नाही, हे दिसून येते.

एक क्रियापद, अनेक कामे

आता दुसरा विषय. मराठीत ‘लावणे’ हे एकच क्रियापद किती कामे करते, ते पाहण्यासारखे आहे. दिवा लावतात, झाड लावतात, दार लावतात, जखमेला मलम लावतात. पेटवणे, रोवणे, बंद करणे आणि माखणे ही चार निरनिराळी कामे एकाच शब्दावर सोपवलेली आहेत. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण कोणते काम करायचे हे कर्मावरून कळते. मेथड ओव्हरलोडिंगचे तत्त्व हेच आहे. नाव एक, कृती अनेक. आणि कोणती कृती करायची हे तिला दिलेल्या वस्तूंची संख्या, प्रकार आणि क्रम यांवरून ठरते.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत घडवलेल्या सी या भाषेत ही सोय नव्हती. संख्येचे चिन्ह सोडून केवळ मूल्य काढायचे, तर पूर्णांकासाठी एक नाव, मोठ्या पूर्णांकासाठी दुसरे आणि अपूर्णांकासाठी तिसरे नाव लक्षात ठेवावे लागे. पुढे सी प्लस प्लस आणि जावा या भाषांनी एकच नाव वापरण्याची मुभा दिली. जावामध्ये पडद्यावर ओळ छापणाऱ्या मेथडची, काहीच न देता वापरायची धरून, दहा रूपे आहेत. विद्यार्थ्याला मात्र एकच नाव ठाऊक असले तरी भागते. स्ट्रिंगचा तुकडा काढणारी मेथडही अशीच आहे. ‘४११००१’ या माळेसाठी तिला केवळ ३ ही संख्या दिली, तर तिसऱ्या स्थानापासून शेवटपर्यंतचा तुकडा, म्हणजे ‘००१’, मिळतो. ० आणि ३ अशा दोन संख्या दिल्या, तर ‘४११’ मिळतो.

या विषयावरचे रूढ उदाहरण क्षेत्रफळाचे आहे. ‘क्षेत्रफळ’ या नावाची मेथड लिहावी. एक संख्या दिल्यास ती चौरसाचे, दोन दिल्यास आयताचे आणि तीन दिल्यास तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ देईल. येथवर सारे सुरळीत चालते. वर्तुळाची पाळी आली की अडते. वर्तुळालाही त्रिज्या ही एकच संख्या लागते. चौरसाच्या मेथडमध्ये त्या संख्येला ‘बाजू’ म्हटले आणि वर्तुळाच्या मेथडमध्ये ‘त्रिज्या’ म्हटले, तरी कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचे भाषांतर करणाऱ्या यंत्रणेला, त्या नावांचे सोयरसुतक नसते. ती केवळ प्रकार पाहते. आणि दोन्हींचा प्रकार एकच असल्याने भाषांतर नाकारते. उत्तराचा प्रकार वेगळा ठेवूनही सुटका होत नाही, कारण कृतीची निवड तिला काय दिले यावरून होते, ती काय देणार यावरून नव्हे.

येथे एखादा हुशार विद्यार्थी पळवाट काढतो. चौरसासाठी पूर्णांक आणि वर्तुळासाठी अपूर्णांक असा प्रकारभेद केला, की कंपायलर तक्रार करीत नाही. पण त्या क्षणापासून ‘क्षेत्रफळ’ला ७ दिले तर उत्तर ४९ येते, आणि ७.० दिले तर सुमारे १५३.९४. एका दशांशचिन्हाने चौरसाचे वर्तुळ होते. याहून वाईट प्रसंगही संभवतो. आरंभी वर्तुळाची, अपूर्णांक घेणारी मेथड एकटीच होती, असे समजा. तेव्हा तिला ७ दिले, तर नेमकी जुळणारी मेथड नसल्याने पूर्णांकाचा अपूर्णांक करून घेतला जाई आणि उत्तर योग्य येई. पुढे दुसऱ्या कोणी चौरसाची, पूर्णांक घेणारी मेथड त्याच नावाने जोडली. प्रोग्रॅमचे पुन्हा भाषांतर झाले की जुन्या ओळीला आता नेमकी जुळणारी मेथड मिळते. वर्तुळाऐवजी चौरसाचे क्षेत्रफळ येऊ लागते आणि चुकीची सूचना कोठेही उमटत नाही. नियमाने जे चालते ते शहाणपणाचे असतेच असे नाही. एका नावाखाली तीच कामे ठेवावीत, ज्यांचा हेतू एक आहे.

अधिक चिन्हाची दोन रूपे

स्ट्रिंग आणि ओव्हरलोडिंग या दोन्हींची गाठ पडते ती अधिक चिन्हापाशी. जावामध्ये हे चिन्ह दोन संख्यांची बेरीज करते, पण कोणत्याही एका बाजूला स्ट्रिंग असली की दोन्ही बाजू जोडून एक माळ तयार करते. वाचन डावीकडून उजवीकडे होते. त्यामुळे १ अधिक २ अधिक ‘ वर्षे’ असे लिहिल्यास आधी संख्यांची बेरीज होऊन ‘३ वर्षे’ छापले जाते. आणि ‘वय ’ अधिक १ अधिक २ असे लिहिल्यास प्रत्येक संख्या माळेला जोडली जाऊन ‘वय १२’ छापले जाते. तीन वर्षांचे मूल केवळ शब्दांच्या क्रमामुळे बारा वर्षांचे होते.

सुट्या अक्षराची गंमत याच्याही पुढची आहे. छापणाऱ्या मेथडला ‘क’ हे एक अक्षर दिले, तर ‘क’ छापला जातो. ‘क’ अधिक १ दिले, तर मात्र ‘ख’ येत नाही. २३२६ ही संख्या येते. सुटे अक्षर बेरजेत शिरले की ते आपल्या संकेतांकाच्या रूपाने वावरते, बेरजेचा प्रकार पूर्णांक होतो, आणि छापणाऱ्या दहा रूपांपैकी पूर्णांकाचे रूप निवडले जाते. वस्तुतः २३२६ हा ‘ख’चाच संकेतांक आहे. उत्तर बरोबर आहे. त्याचा प्रकार वेगळा आहे. ही संख्या पुन्हा अक्षर म्हणून पाहावी, असे स्पष्ट सांगितले की ‘ख’ अवतरतो.

हे दोन्ही विषय ज्याला एकत्र पडताळून पाहायचे असतील, त्याने ‘उलट’ या एकाच नावाच्या तीन मेथड लिहाव्यात. पहिली पूर्णांक घेईल आणि दहाने भागत भागत अंक उलट क्रमाने लावील. तिला १२० दिले तर उत्तर २१ येईल. दुसरी स्ट्रिंग घेईल आणि संकेतांक उलट क्रमाने लावील. तिला ‘१२०’ दिले तर उत्तर ‘०२१’ येईल. तिसरीला शब्द आधीच वाचकाच्या अक्षरांत तोडून त्यांची यादी म्हणून द्यावा. ती ते तुकडे उलट क्रमाने लावील, आणि ‘नवीन’ हा ‘नवीन’च राहील. तिन्ही मेथडचे नाव एक आहे आणि हेतूही एकच आहे. पहिल्या दोघींना दिलेले अंकही तेच आहेत. तरी उत्तरे वेगळी येतात, आणि त्या त्या प्रकारापुरती तिन्ही उत्तरे बरोबर असतात. त्यांतले कोणते उत्तर कामाचे, हे कंपायलर सांगू शकत नाही. तो क्रमांक रक्कम आहे की पिन कोड, आणि तो शब्द संकेतांकांची रांग आहे की कोणा माणसाचे नाव, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते ठरवावयाचे असते.